भाडेकरू राहत असलेले घर विकायचे आहे?

वडिलांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली दोन मजली इमारत. खाली दोन दुकाने, वर चार खोल्या आणि सगळीकडे भाडेकरू. वडील वारले. एक मुलगा आखातात, दोघे वेगवेगळ्या शहरांत, बहिणी आपापल्या सासरी. जे भाडे येते त्यातून घरपट्टी आणि पावसाळ्यापूर्वीची दुरुस्तीही भागत नाही. शेवटी ठरते की मिळकत विकावी आणि ज्याचा त्याचा वाटा देऊन मोकळे व्हावे. गिऱ्हाईक येते, इमारत पाहते, भाव बरा सांगते आणि जाता जाता विचारते, "खाली करून देणार ना?" इथे घोडे अडते. घाईत कोणीतरी "हो, देऊ ना" म्हणतो, इसार घेतो आणि तिथून पुढे काही वर्षे वकिलाच्या कार्यालयात खेटे घालत बसतो.

भिवंडी, मालेगाव, मिरज, रत्नागिरी असो की मुंबईतील जुने मोहल्ले, ही कहाणी सगळीकडे ऐकू येते. तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे. लोकांना वाटते की मालक बदलला की भाडेकरूने उठायचे. कायदा तसे म्हणत नाही. घर विकले म्हणून भाडेकरू उठत नाही. घराबरोबर त्याचा हक्कही नव्या मालकाकडे जातो. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली तर पुढचा सारा व्यवहार सरळ होतो.

विकता येते का?

जरूर येते. आपली मिळकत विकण्यासाठी भाडेकरूची परवानगी लागत नाही. "आधी मलाच विकली पाहिजे" असा सर्वसाधारण हक्कही त्याला नाही. मात्र तसे करारात लिहून दिले असेल तर ते पाळावे लागते.

विक्रीनंतर काय होते हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ मध्ये सांगितले आहे. नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडे घेण्याचा हक्क त्याला मिळतो, तशीच मालकाची जबाबदारीही त्याच्यावर येते. याच कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. विक्रीपूर्वीचे थकलेले भाडे नव्या मालकाला आपोआप मिळत नाही, ते हवे असेल तर खरेदीखतात तसे लिहावे लागते. आणि विक्रीची माहिती नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडे दिले असेल तर तेच भाडे त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही. म्हणून विक्री होताच भाडेकरूला लेखी कळवणे हे दोन्ही मालकांच्या फायद्याचे असते.

खरेदीदारानेही एक गोष्ट ओळखावी. जागेत प्रत्यक्ष जो माणूस राहतो त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होती असेच कायदा धरून चालतो. "आत कोण राहतो ते मला सांगितलेच नव्हते" ही सबब मग फारशी टिकत नाही. जागा पाहायला गेल्यावर आत राहणाऱ्याला सरळ विचारावे की तुम्ही किती वर्षे आहात, भाडे किती आणि कोणाला देता, डिपॉझिट किती दिले.

आधी कागद पाहा

विक्रीचा भाव आणि वेळ या दोन्ही गोष्टी भाडेकरूकडे कोणता कागद आहे यावर ठरतात. आपल्याकडे साधारण तीन प्रकार आढळतात.

पहिला प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहण्याची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे व नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" असे अनेक जण म्हणतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. नोंदणी केली नाही तर शिक्षेची तरतूद आहेच, शिवाय वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी खरे धरले जाते. नोंदलेला करार असेल तर राहण्याच्या जागेसाठी कलम २४ चा मोठा आधार मिळतो. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि जागा सोडेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. दुकान किंवा गाळ्याला मात्र हा जलद मार्ग नाही, तिथे न्यायालयातच जावे लागते.

लायसन्सच्या बाबतीत आणखी एक बारीक भेद आहे. भाडेकरूचा हक्क घराला चिकटलेला असतो. लायसन्स मात्र देणारा आणि घेणारा या दोघांतील परवानगी असते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मिळकत विकली गेली की नवा मालक जुन्या लायसन्सने बांधला जात नाही. पण म्हणून कोणाचे सामान रस्त्यावर टाकता येत नाही. परवानगी संपल्यावर निघण्यासाठी वाजवी वेळ द्यावी लागते. पैसे घेऊन दिलेली परवानगी त्याच्या चुकीशिवाय मुदतीआधी काढून घेतली तर भरपाईचाही प्रश्न येतो. शहाणपणाचा रस्ता एकच आहे. मुदत संपेपर्यंत थांबावे किंवा नव्या मालकाने त्याच राहणाऱ्याशी नवा करार करावा.

दुसरा प्रकार जुन्या भाडेकरूंचा आणि पागडीचा. यांच्याकडे बहुधा करार नसतो, भाडेपावत्यांची थप्पी असते. काही जण तर मुळात लायसन्सवर आले होते, पण १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर जागेत राहणाऱ्यांना त्या वेळच्या मुंबई भाडे कायद्यातील दुरुस्तीने भाडेकरूचा दर्जा मिळाला. अशा भाडेकरूंना कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. तो ठरलेले भाडे देत राहील तोवर त्याला कायद्यातील ठरावीक कारणांशिवाय काढता येत नाही. वर्षाला चार टक्के भाडेवाढ करता येते, पण मूळ भाडेच शंभर-दोनशे असेल तर चार टक्क्यांनी काय होणार? भाडेकरू वारला तर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने पागडीच्या रकमेची देवघेव कायदेशीर केली. म्हणजे भाडेकरू आपला हक्क सोडण्याबद्दल मोबदला उघडपणे मागू शकतो आणि मालकही हस्तांतराला संमती देण्याबद्दल रक्कम घेऊ शकतो. म्हणून अशा मिळकतीची किंमत एकट्या मालकाची नसते. तिच्यात भाडेकरूचाही मोठा भाग असतो हे मान्य करूनच बोलणीला बसावे.

तिसरा प्रकार सर्वांत गोंधळाचा. करार संपून चार वर्षे झाली, नवा केला नाही, भाडे मात्र दर महिन्याला घेतले जाते. किंवा मोठे डिपॉझिट घेतले, भाडे नाही आणि सारा व्यवहार एका साध्या कागदावर. असे असेल तर विक्रीची जाहिरात देण्यापूर्वी बसून कागद नीट करावा. गिऱ्हाईक आल्यावर करायला गेलात तर राहणाऱ्याच्या मनात शंका येते आणि सहीसाठी त्याचा भाव चढतो.

विकणारे कोण?

आपल्या समाजात मिळकत वारसाहक्काने येते आणि कागदावर मात्र वर्षानुवर्षे वडिलांचेच, कधी आजोबांचेच नाव राहते. भाडे मोठा भाऊ गोळा करतो आणि भाडेकरू त्यालाच मालक समजतात. पण भाडे गोळा करणारा तेवढ्यानेच पूर्ण मालक होत नाही. मुस्लिम वारसा कायद्यात एकत्र कुटुंबाचा कर्ता ही कल्पना नाही. माणूस वारला त्या क्षणी प्रत्येक वारस आपापल्या ठरलेल्या वाट्याचा मालक होतो, त्यात बहिणी आणि आईही आल्या. बहिणींच्या सहीशिवाय केलेले खरेदीखत त्यांच्या वाट्याला लागू पडत नाही. वारसांत कोणी अल्पवयीन असेल आणि त्याचे वडील व आजोबा हयात नसतील तर आई एकटी त्याचा वाटा विकू शकत नाही, न्यायालयाकडे जावे लागते.

म्हणून पहिले काम मिळकत पत्रिकेवर किंवा सात-बारावर वारसांची नोंद करून घेण्याचे. आखातातील भावाला येणे जमत नसेल तर तेथील भारतीय दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवावे आणि ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मिळकत वक्फ म्हणून नोंदलेली तर नाही ना, हेही पाहावे. वक्फ मिळकत विकता येत नाही.

गिऱ्हाईक कोणते शोधावे?

सर्वांत जवळचे गिऱ्हाईक आतच राहते, पण त्याला विचारणे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. भाडेकरूला घर माहीत असते, मोहल्ला माहीत असतो आणि खाली करण्याचा प्रश्नच येत नाही. भाव बाजारापेक्षा कमी मिळेल, पण वेळ, वकील आणि मनस्ताप वाचतो. पागडीच्या खोल्या तर एकेकाला आपापली खोली विकून मोकळे होणे अनेकदा सोयीचे पडते.

दुसरे गिऱ्हाईक भाड्याच्या उत्पन्नासाठी घेणारे. नोंदलेला करार, वेळेवर भाडे देणारा भाडेकरू आणि चोख हिशेब असला तर त्याला भाडेकरू असणे हीच जमेची बाजू वाटते. तिसरे गिऱ्हाईक बांधकाम व्यावसायिक. तो जुनी इमारत भाडेकरूंसह घेतो आणि पुनर्बांधणीत त्यांना जागा देण्याचा हिशेब आधीच मांडतो.

चौथे गिऱ्हाईक स्वतः राहण्यासाठी घेणारे. त्याला रिकामे घरच लागते. "नंतर तुमच्या गरजेसाठी दावा लावा, निघेल" असे सांगून त्याच्या गळ्यात भाडेकरूसह घर मारू नये. स्वतःच्या गरजेसाठी जागा मागता येते हे खरे, पण कलम १६ प्रमाणे न्यायालय दोन्ही बाजूंची अडचण तोलते. भाडेकरूचीच अडचण मोठी ठरली तर जागा मिळत नाही. आणि अशा दाव्यांना वर्षे लागतात.

इसार घेताना

इसारपावतीत एक ओळ ठळक लिहावी: ताबा भाडेकरूसह की रिकामा? भाडेकरूसह असेल तर त्याचे नाव, भाडे, डिपॉझिट, कराराची मुदत आणि चालू दावे यांची यादी जोडावी. रिकामा असेल तर तारीख लिहावी आणि त्या तारखेला जागा रिकामी झाली नाही तर इसार परत करण्याची अट ठेवावी. मुळात भाडेकरूचा लेखी होकार हाती येण्यापूर्वी रिकाम्या ताब्याचे वचन देऊच नये. मालातला ऐब सांगून विकणे ही आपल्याकडे व्यापाराची पहिली रीत मानली जाते आणि मिळकतीच्या बाबतीत कायद्यानेही मालकावर तेच बंधन घातले आहे.

भाडेकरू रक्कम घेऊन निघायला तयार असेल तर तोंडी ठरवू नये. रक्कम, तारीख आणि हक्क सोडल्याचा मजकूर लिहून नोंदणी करावी. थोडे पैसे सही करताना आणि मोठा भाग किल्ली हातात देताना, तोही चेकने द्यावा. डिपॉझिटची रक्कम मालकाने कधीच खर्च केलेली असते, म्हणून खरेदीदारानेच किमतीतून ती रक्कम थेट भाडेकरूला द्यावी असे तिघांनी मिळून लिहून घेतले तर कोणी अडकत नाही.

डिपॉझिट आणि भाड्याचा हिशेब

भाडेकरूसह विक्री झाल्यावर सर्वांत जास्त भांडणे डिपॉझिटवरून होतात. दोन वर्षांनी भाडेकरू निघतो, नवा मालक म्हणतो "मी घेतलेच नाही," जुना म्हणतो "घर विकले, आता माझा संबंध नाही." हे टाळण्यासाठी डिपॉझिट किमतीतून वळते करावे. एक उदाहरण घेऊ.

समजा फ्लॅटची किंमत ८०,००,००० रुपये, डिपॉझिट १,००,००० आणि भाडे महिना २०,०००. खरेदीखत तीस दिवसांच्या महिन्यात १६ तारखेला झाले आणि त्या महिन्याचे भाडे जुन्या मालकाने आधीच घेतले आहे. मग पंधरा दिवसांचे १०,००० रुपये नव्या मालकाचे. किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने खरेदीदाराने १ टक्का, म्हणजे ८०,००० रुपये, आयकर कापून सरकारजमा करायचा. ८०,००,००० मधून ८०,०००, १,००,००० आणि १०,००० वजा केले की विकणाऱ्याच्या हाती द्यायची रक्कम ७८,१०,००० रुपये होते. डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी यापुढे नव्या मालकाची, असे खरेदीखतात स्पष्ट लिहावे.

विकणारे अनेक वारस असतील आणि प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत असला तरी एकूण किंमत धरूनच हा कर कापायचा, हे १ ऑक्टोबर २०२४ पासून स्पष्ट केले आहे. अनिवासी भावाच्या वाट्याला १ टक्का लागू होत नाही. तिथे कपात बरीच जास्त असते, म्हणून आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी घेणे चांगले.

स्वस्त विकण्यातला धोका

भाडेकरू असलेले घर साहजिकच कमी भावाने जाते. पण प्रत्यक्ष किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर आयकर खाते विकणाऱ्याच्या बाबतीत सरकारी मूल्यच विक्रीची किंमत धरते आणि खरेदीदारालाही फरकाच्या रकमेवर कर लागू शकतो. भाडे नियंत्रणाखालील भाडेकरू असलेल्या मिळकतीसाठी मुद्रांक विभागाचे मूल्यांकनाचे वेगळे नियम आहेत. त्यांचा फायदा मिळावा म्हणून भाडेपावत्या आणि घरपट्टीचा उतारा नोंदणीपूर्वीच दाखवावा. तरीही मूल्य फार वाटले तर आयकराच्या वेळी मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते.

नफ्यावरील कराचे दर २३ जुलै २०२४ पासून बदलले. दोन वर्षांहून जास्त काळ ताब्यात असलेल्या मिळकतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तीला महागाईचा हिशेब धरून २० टक्क्यांचा जुना पर्यायही खुला आहे, जो कमी येईल तो भरावा. वारशाने आलेल्या मिळकतीत वडिलांनी ती बाळगलेली वर्षेही मोजली जातात.

भाडेकरूशी कसे वागावे?

गिऱ्हाईक दाखवायला अचानक दार ठोठावू नये, आदल्या दिवशी विचारावे. पाणी किंवा वीज तोडून कोणाला हुसकावणे हा गुन्हा आहे आणि त्याने विक्रीही अडते, कारण न्यायालयाची मनाई आली की गिऱ्हाईक पळते. भाडेकरूची बाजूही समजून घ्यावी. घर विकणार असे कानावर आले की त्याच्या घरात रात्री झोप लागत नाही. मुलांची शाळा, दुकान असेल तर बांधलेली गिऱ्हाइकी, म्हाताऱ्या आईचा दवाखाना, सगळे त्याच चार भिंतींशी जोडलेले असते. दलालाकडून कळण्यापूर्वी मालकाने स्वतः जाऊन सांगितले तर निम्मे काम तिथेच होते.

विक्री झाल्यावर दोन्ही मालकांच्या सहीचे पत्र भाडेकरूला द्यावे आणि पोच घ्यावी. मजकूर साधा असावा:

"आपण राहत असलेली जागा अमुक तारखेच्या नोंदणीकृत खरेदीखताने अमुक यांना विकली आहे. अमुक महिन्यापासूनचे भाडे त्यांना द्यावे व त्यांची पावती घ्यावी. आपले अमुक रुपये डिपॉझिट त्यांच्याकडे वर्ग केले असून ते परत करण्याची जबाबदारी त्यांची राहील. अमुक तारखेपर्यंतचे भाडे पूर्ण मिळाले आहे. आपल्या इतर अटींत बदल झालेला नाही."

भाडेकरूनेही हे पत्र जपून ठेवावे आणि पहिल्याच महिन्यापासून नव्या मालकाची पावती मागावी. तो त्याचा हक्क आहे.

थोडक्यात, क्रम असा ठेवावा. आधी वारसांची नावे कागदावर, मग भाडेकरूचा कागद तपासणे, मग त्यालाच पहिली विचारणा आणि त्यानंतर बाजारात जाहिरात. प्रत्येक मिळकतीचा इतिहास वेगळा असतो, म्हणून इसार घेण्यापूर्वी एकदा स्थानिक वकिलाला सर्व कागद दाखवावेत. ती फी पुढच्या दाव्याच्या खर्चापुढे काहीच नाही. आणि गिऱ्हाइकाने "खाली करून देणार ना?" असे विचारले तर जे खरे आहे तेच सांगावे. त्या एका उत्तरावर आपल्या घरच्यांचे पैसे आणि दुसऱ्या एका घराचे छप्पर, दोन्ही अवलंबून असतात.